सैनिकांचा रोग आणि तळ्यातली गोगलगाय

पहिले महायुद्ध संपत आले, तेव्हा हिंदुस्थान सरकारपुढे एक विचित्र प्रश्न उभा राहिला. इजिप्त आणि मेसोपोटेमियाच्या रणभूमीवरून परतणाऱ्या सैनिकांच्या शरीरात बिल्हार्झियाचे कृमी असण्याचा संभव होता. मूत्राशयाच्या भोवतालच्या शिरांत राहणाऱ्या या पर्णकृमीमुळे लघवीवाटे रक्त जाते. १८५१ मध्ये थिओडोर बिल्हार्झ याने कैरो येथे त्याचा शोध लावला होता. हा रोग येथे रुजेल काय?

उत्तर गोगलगाईच्या हाती होते. १९१३ मध्ये जपानात मियाइरी आणि सुझुकी यांनी, तर १९१५ मध्ये इजिप्तमध्ये रॉबर्ट लायपर यांनी दाखवून दिले होते, की हा कृमी माणसाकडून माणसाकडे थेट जात नाही. अंडे पाण्यात पडले, की त्यातून केसाळ डिंभ बाहेर पडतो. काही तासांत त्याला योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही, तर तो मरतो. सापडली, तर तिच्या देहात एका डिंभापासून हजारो दुभंगलेल्या शेपटीचे डिंभ तयार होतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात. योग्य जात नसेल, तर साखळी तिथेच तुटते.

मग तळी, डबकी आणि भातखाचरे यांचा शोध सुरू झाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ मध्ये कोलकात्यात नुकतीच स्थापन झाली होती. तिचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल स्वतः मृदुकाय प्राण्यांचे जाणकार होते. स्टॅन्ली केम्प आणि एफ. एच. ग्रेव्हली यांनी १९१९ मध्ये या रोगाच्या संभाव्यतेवर निबंध प्रसिद्ध केला. सेमूर सेवेल यांनी १९२२ मध्ये भारतीय गोगलगाईंतून बाहेर पडणाऱ्या डिंभांचा सविस्तर ग्रंथच लिहिला. युद्धाच्या धास्तीने सुरू झालेले काम शुद्ध प्राणिशास्त्राच्या पदरी पडले, हे त्यातले सुदैव.

मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि सोपारकर वेगळ्याच धाग्याने निघाले होते. १९१८ मध्ये त्यांनी गुरांच्या रक्तपर्णकृमीचे जीवनचक्र मांडले. या कृमीचा वाहक म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, चपट्या चक्रासारख्या शंखाची, देशभर डबक्यांत आढळणारी गोगलगाय. हिचे रक्त हिमोग्लोबिनमुळे तांबडे असते, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गढूळ पाण्यातही ती तग धरते. ती उभयलिंगी असून एकटीही प्रजा निर्माण करू शकते. एक गोगलगाय नव्या तळ्यात पोहोचली तरी पुरते. मद्रास इलाख्यात १९३० च्या दशकात राव यांनी बैलांच्या ‘घोरण्याच्या’ रोगामागचा नाकातला पर्णकृमी ओळखला. त्याचाही वाहक हीच. भाताच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या मजुरांच्या पायांना सुटणारी खाजही पुष्कळदा याच डिंभांची असते. माणसाच्या त्वचेत ते शिरतात, पण तिथेच मरतात.

माणसाचा रोग मात्र येथे रुजत नाही, असा दिलासा हळूहळू पक्का होत गेला. तो १९५२ मध्ये हादरला. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले. गाडगीळ आणि शहा यांनी हा रोग तेथील पाण्यातूनच जडत असल्याचे दाखवले. वाहक म्हणून त्यांनी पुढे ज्या प्राण्याकडे बोट दाखवले, तो इंडोप्लॅनॉर्बिस नव्हता. तो होता फेरिसिया टेन्यूइस: काही मिलिमीटर लांबीचा, पानांना आणि दगडांना चिकटून राहणारा, टोपीच्या आकाराचा जीव. गोळा करणाऱ्याच्या जाळ्यातून निसटावा, किंवा दिसला तरी गोगलगाय वाटू नये असा.

गिमवीतील प्रादुर्भाव पुढील दशकांत ओसरला. गुरांचा पर्णकृमी मात्र आजही कायम आहे. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून असे दिसू लागले आहे, की दोनशे वर्षे एकच जात मानलेली इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही प्रत्यक्षात एकमेकांपासून बऱ्याच दूर गेलेल्या अनेक वंशशाखांचा समूह असावी. यांपैकी कोणती शाखा कोणत्या कृमीला आसरा देते, हे तळ्यातळ्यातून पुन्हा तपासावे लागणार आहे.