ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा : खात्यातील रक्कम आणि २८ दिवसांचा नियम

ब्रिटनमधील विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि शुल्काचा पहिला हप्ता भरला, म्हणजे मोठे काम पार पडले, अशी अनेक कुटुंबांची समजूत असते. व्हिसासाठी अर्ज करताना मात्र शिक्षणाचा व राहण्याचा खर्च भागेल एवढा पैसा हाती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पैसा पुरेसा असूनही अर्ज नामंजूर होऊ शकतो. कारण रक्कम किती आहे, एवढेच ब्रिटनचे गृह खाते पाहत नाही. ती कोणाच्या नावे, कोणत्या संस्थेत आणि किती दिवस होती, हेही पाहते. काही देशांच्या अर्जदारांना ही कागदपत्रे अर्जासोबत जोडण्यापासून सूट आहे. भारताचा त्या यादीत समावेश नाही.

दाखवावयाच्या रकमेचे दोन भाग असतात. पहिला, अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाचे शुल्क. दुसरा, राहण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा धरला जातो, तोही जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे वार्षिक शुल्क १८,००० पौंड असलेल्या लंडनबाहेरील अभ्यासक्रमासाठी १८,००० अधिक १०,५३९, असे २८,५३९ पौंड दाखवावे लागतील. यापैकी ५,००० पौंड आधीच भरले असतील, तर तेवढी रक्कम वजा होते. परंतु विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशनिश्चितीत, म्हणजे ‘कॅस’मध्ये, त्याची नोंद झालेली असणे श्रेयस्कर. नोंद नसल्यास पावती जोडावी. विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी भरलेली आगाऊ रक्कमही ठरावीक मर्यादेपर्यंत वजा करता येते.

खरी अडचण येते ती दिवसांच्या हिशेबात. ही संपूर्ण रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे आणि या मुदतीचा अखेरचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत असला पाहिजे. खातेउतारा १० जुलैपर्यंतचा असेल, तर १३ जून ते १० जुलै या काळात एकाही दिवशी शिल्लक आवश्यक रकमेखाली जाता कामा नये, आणि अर्ज १० ऑगस्टपर्यंत दाखल व्हावयास हवा. मधल्या काळात घराच्या कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा हप्ता त्याच खात्यातून आपोआप वळता झाला आणि शिल्लक एका दिवसापुरती जरी कमी पडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. रक्कम रुपयांत असल्यास तिचे पौंडांतील मूल्य अर्जाच्या दिवशीच्या विनिमय दराने काढले जाते. महिनाभरात रुपया घसरला, तर काटेकोरपणे ठेवलेली रक्कम अपुरी ठरते. त्यामुळे आवश्यकतेपेक्षा काही टक्के अधिक रक्कम ठेवणे हिताचे.

खाते कोणाचे, याविषयीचा नियम भारतीय कुटुंबपद्धतीला सहजासहजी मानवणारा नाही. विद्यार्थी स्वतः, त्याचे आई-वडील, कायदेशीर पालक किंवा पती-पत्नी यांचेच खाते ग्राह्य धरले जाते. आजोबा, काका, मामा किंवा नोकरी करणारा थोरला भाऊ शिक्षणाचा भार उचलणार असेल, तर त्यांच्या खात्याचा उतारा उपयोगाचा नाही. त्यांनी रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात जमा करावी आणि तेथे २८ दिवस पूर्ण होऊ द्यावेत. एवढी मोठी रक्कम अचानक कोठून आली, याचा खुलासा करणारे कागदही जवळ असावेत.

आई-वडिलांचे खाते दाखविताना जन्मदाखला आणि त्यांचे संमतीपत्र जोडावे लागते. येथे मराठी घरांत हमखास उद्भवणारा प्रश्न नावांचा. जन्मदाखल्यावर आईचे केवळ पहिले नाव, बँकेत सासरचे पूर्ण नाव आणि पारपत्रावर तिसरेच रूप, असे असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद आधीच काढून ठेवावी. दाखला केवळ मराठीत असेल, अथवा बडोदे किंवा बेळगाव येथे जन्म झाल्याने गुजराती वा कन्नडमध्ये असेल, तर इंग्रजी भाषांतर लागते. त्यावर भाषांतरकाराचे नाव, स्वाक्षरी, तारीख, संपर्काचा तपशील आणि भाषांतर अचूक असल्याचे निवेदन हवे.

पैसा तत्काळ काढता येण्याजोगा असावा, ही आणखी एक अट आहे. शेअर, रोखे, निवृत्तिवेतन निधी यांचा विचार होत नाही. शेतजमीन आणि सोने यांचा तर नाहीच. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडता येत असेल, तर बँकेकडून तसे पत्र घ्यावे. ज्या संस्थेवर योग्य नियामकाची देखरेख नाही, जिच्या नोंदी संगणकीय नाहीत किंवा जिच्याकडून पडताळणी होऊ शकत नाही, तेथील पैसा विचारात घेतला जात नाही. महाराष्ट्रात अनेक कुटुंबांची पुंजी पतसंस्थेत असते. या संस्था सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसतात. अशी ठेव वेळेवर मोडून बँकेत वळवणेच सुरक्षित.

शैक्षणिक कर्जाला २८ दिवसांची अट लागू होत नाही. कर्ज विद्यार्थ्याच्या नावे असावे आणि बँकेचे मंजुरीपत्र अर्जापूर्वी सहा महिन्यांच्या आतील असावे. वडिलांनी घेतलेले वैयक्तिक कर्ज या सवलतीत बसत नाही.

काही दिवसांपुरती रक्कम खात्यात ठेवून देणारे मध्यस्थही आढळतात. हा पैसा खर्चासाठी खरोखर उपलब्ध नसतो आणि उतारा बनावट निघाल्यास दहा वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

अन्य देशांच्या पद्धती निराळ्या आहेत. जर्मनीत गोठविलेल्या खात्यात पैसे ठेवून तेथे पोहोचल्यावर दरमहा ठरावीक रक्कम काढावयाची असते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. कॅनडाने क्वेबेकखेरीज अन्य प्रांतांसाठी एकट्या विद्यार्थ्याच्या राहण्याचा खर्च १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर असा ठरविला; शुल्क व प्रवासखर्च त्याहून वेगळा.

ब्रिटनने अर्ज नाकारल्यास आणि चूक अधिकाऱ्याची असल्यास, भारतातील अर्जदाराला २८ दिवसांत प्रशासकीय फेरविचार मागता येतो. उताऱ्यातच उणीव असेल, तर नव्याने अर्ज करण्यावाचून मार्ग नाही. आरोग्य अधिभार परत मिळतो, व्हिसा शुल्क मिळत नाही, आणि जुना ‘कॅस’ पुन्हा वापरता येत नसल्याने विद्यापीठाकडून नवा मागवावा लागतो.