लेकुरवाळीचे पडसे आणि औषधांचा इतिहास

पडसे हा विकार इतका सामान्य आहे की, त्याला आजार म्हणावे की नाही, असाच पुष्कळांना प्रश्न पडतो. औषध घेतले तर सात दिवसांत आणि न घेतले तर आठवड्यात ते बरे होते, असे विनोदाने म्हटलेही जाते. परंतु हेच पडसे अंगावर पिणारे मूल असलेल्या आईला झाले की, घरातील सर्वांचे चेहरे गंभीर होतात. सासूबाई म्हणतात, मुलाला पाजू नको, तुझी सर्दी त्याला बाधेल. शेजारीण म्हणते, खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे घे, म्हणजे रात्री दोघांनाही झोप लागेल. या दोन्ही सल्ल्यांमागे मायाच असते. पण इतिहास तपासून पाहिला असता दोन्ही सल्ले उलटे आहेत असे दिसून येते. भ्यावयाचे ते पडशाला नव्हे, दुधाला तर नव्हेच. भ्यावयाचे ते न विचारता घेतलेल्या औषधाला. आजच्या भाषणात हाच इतिहास आपणापुढे ठेवावयाचा आहे.

आईने घेतलेले पदार्थ दुधावाटे मुलाच्या पोटात जातात, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मुलांचे तीन वर्ग केलेले आहेत : केवळ दुधावर असणारे, दूध व अन्न दोन्ही घेणारे आणि अन्नावर असणारे. औषध मुलाला द्यावे की दूध पाजणारीलाही द्यावे, हे त्या वर्गावरून ठरवावयाचे असे. औषधाचा कल्क स्तनांना लावून मूल पाजावे, असाही उपाय त्या ग्रंथात सांगितला आहे. बालरोगांचा स्वतंत्र विचार करणारी काश्यपसंहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. तिच्यातही दुधाच्या गुणदोषांचा पुष्कळ ऊहापोह आहे. या जुन्या विचारातले एक सूत्र आजही खरे ठरते, ते हे की, लेकुरवाळीने औषध घेताना आपण दोघांसाठी औषध घेत आहोत हे विसरू नये. मात्र त्याच विचारातून पुढे ‘आई आजारी म्हणजे दूध नासले’ अशी समजूत रूढ झाली. तिला मात्र आधार नाही.

या समजुतीला पहिला धक्का १८९२ साली बसला. बर्लिन येथे पाउल एर्लिक या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केले. विषाला सरावलेल्या मादीचे दूध दुसऱ्या मादीच्या पिलांना पाजले असता त्या पिलांच्या अंगीही ते विष सोसण्याची शक्ती आली. अर्थात् दुधातून केवळ पोषणच जाते असे नव्हे, संरक्षणही जाते, हे त्याने दाखवून दिले. पडशाचे मुख्य कारण असलेले विषाणू १९५० नंतरच्या दशकात हाती लागले आणि मग चित्र अधिक स्पष्ट झाले. सर्दीचा विषाणू दुधातून पसरत नाही. तो पसरतो शिंकेतून, खोकल्यातून आणि न धुतलेल्या हातांतून. आईला सर्दी झाल्याचे घरात कळते, तोवर मुलाचा त्या विषाणूशी संबंध बहुधा येऊनही गेलेला असतो. उलट त्याच सुमारास आईच्या शरीरात त्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे तयार होऊ लागतात व ती दुधावाटे मुलाला मिळतात. अशा वेळी पाजणे थांबविणे म्हणजे लढाईच्या ऐन भरात शिपायाच्या हातची ढाल काढून घेण्यासारखे आहे.

साध्या पडशाहून कितीतरी भयंकर अशी साथ आपल्या प्रांताने १९१८ साली पाहिली. त्या वर्षीच्या जून महिन्यात इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबरपासून त्याची दुसरी, प्राणघातक लाट देशभर पसरली. एकट्या मुंबई इलाख्यात मृत्यूंची संख्या दहा लाखांवर गेली. या साथीचे एक वैशिष्ट्य असे की, वीस ते चाळीस या वयाच्या स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक दगावल्या. घरातील आजाऱ्यांची सेवा त्यांच्याच वाट्याला होती आणि स्वतः अंथरुणाला खिळेपर्यंत त्यांना विसावा नव्हता. हेच लेकुरवाळीचे वय होय. आई गेल्यावर मागे राहिलेल्या तान्ह्याला गाईच्या वा शेळीच्या दुधावर जगवणे त्या काळी किती कठीण होते, हे निराळे सांगावयास नको. सर्दीतापाच्या बाईला विश्रांती देणे ही चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे, हा त्या वर्षाचा धडा होय.

आता औषधांकडे वळू. या कथेतील खरा खलपुरुष अफू हा आहे. रडणारे मूल निजावे म्हणून अफू घातलेल्या ‘बाळगोळ्या’ देण्याची चाल आपल्याकडे होती. मुंबईच्या गिरण्यांत बायका दहा-दहा तास राबत, तेव्हा घरी ठेवलेली पोर शांत राहावी म्हणून ही गोळी फार सर्रास दिली जाई. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिकाळातील रजेचा व भत्त्याचा कायदा झाला. त्याच वर्षी नेमलेल्या व्हिटले कमिशनच्या १९३१ च्या अहवालातही गिरणीकामगारांच्या मुलांना अफू देण्याच्या चालीचा उल्लेख आला. या आयांना निर्दय म्हणणे हा अन्याय होईल. मुलाला पाजण्याइतकीही सवड ज्यांना नव्हती, त्यांच्यावर गरजेने लादलेला तो उपाय होता.

हे केवळ आपल्याच अज्ञानाचे फळ होते असेही कोणी समजू नये. अमेरिकेत १८४९ पासून विन्सलोबाईंच्या नावाचे एक सरबत दात येणाऱ्या मुलांसाठी विकले जाई आणि त्यात मॉर्फिन असे. १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने खोकल्यावरील उत्तम औषध म्हणून बाजारात आणलेल्या पदार्थाचे नाव होते हेरॉइन. आणि अफूमधूनच १८३२ साली वेगळे काढलेले कोडीन पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ खोकल्याच्या बाटल्यांतून घरोघर पोहोचले.

परगावच्या माणसाला येरवडा म्हटले की तुरुंग, मनोरुग्णालय किंवा आगाखान राजवाडा एवढेच आठवते. पण राजवाड्याच्या आणि डेक्कन कॉलेजच्या आसपास येथे कष्टकऱ्यांच्या दाट वस्त्या आहेत. मी शाळामास्तर असल्यामुळे या वस्त्यांतील बाया इंग्रजी अक्षरांच्या बाटल्या वाचून घेण्यासाठी माझ्याकडे येत. काही वर्षांपूर्वी एक तरुण लेकुरवाळी अशीच एक अर्धी संपलेली बाटली घेऊन आली. दुकानदाराने ती चिठ्ठीवाचून दिली होती. ‘मास्तर, बाळ दोन दिवस फारच गुणी झालंय, पाजायलाही उठत नाही,’ असे ती कौतुकाने सांगत होती. बाटलीवर कोडीन हा शब्द छापलेला होता. मी तिला तत्काळ डॉक्टरांकडे धाडले. औषध बंद होताच मूल पूर्ववत् रडू-पिऊ लागले. बाळगोळी गेली असे आपण समजत होतो. ती आईच्या दुधाच्या वाटेने परत आली होती.

हे कसे घडते? कोडीनचे शरीरात मॉर्फिन होते. काही स्त्रियांच्या शरीरात ही क्रिया फार झपाट्याने होते व ते मॉर्फिन दुधात उतरून मुलाला गुंगी येते, त्याचा श्वासही मंदावू शकतो. कोणाच्या शरीराची घडण तशी आहे, हे वरून ओळखता येत नाही. म्हणून युरोपातील औषध-नियंत्रकांनी २०१५ साली आणि अमेरिकेतील नियंत्रकांनी २०१७ साली पाजणाऱ्या मातांनी कोडीन घेऊ नये असे बजावले. आपल्या सरकारने कोडीनयुक्त काही मिश्रणांवर २०१६ साली बंदी घातली, ती न्यायालयात अडकली. पुढे २०२३ साली कोडीन व क्लोरफेनिरामिन यांच्या मिश्रणावर पुन्हा बंदी आली.

इतर औषधांचीही थोडक्यात नोंद घेऊ. १८९९ साली बाजारात आलेली ॲस्पिरिन १९१८ च्या साथीत अमाप वापरली गेली. पण १९६३ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. राय यांनी मुलांच्या मेंदूला व यकृताला ग्रासणारा एक विकार वर्णिला आणि पुढे त्याचा ॲस्पिरिनशी संबंध दिसून आला. म्हणून सर्दीतापात लेकुरवाळीने ती टाळावी. नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनविषयी ऑस्ट्रेलियातच २००३ साली आठ मातांची पाहणी झाली. एका मात्रेनेच दिवसभराचे दूध सुमारे एक चतुर्थांशाने घटलेले आढळले. झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी आई गुंगते आणि कुशीतल्या मुलाला त्यापासून धोका संभवतो. याउलट १८९३ साली प्रथम रुग्णांना दिलेले पॅरासिटामॉल दुधात अत्यल्प उतरते. ताप व अंगदुखी यांसाठी योग्य मात्रेत ते निर्धास्तपणे घेता येते; आयबुप्रोफेनचेही तसेच.

मग आजीबाईच्या बटव्याचे काय? त्यातील पुष्कळसे आजही ग्राह्य आहे. गरम पाण्याचा वाफारा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मुगाचे कढण, आले किंवा गवती चहा घातलेला पातळ चहा, हळदीचे दूध, मुबलक पाणी, ही सर्व सौम्य साधने होत. वाफाऱ्याचे पातेले मात्र मुलापासून दूर ठेवावे. आईने मध घ्यावा. पण एक वर्षाच्या आतील मुलाला तो कदापि चाटवू नये, कारण त्यातील जंतूंमुळे तान्ह्याला विषबाधा होऊ शकते. कापराचे मलम छातीला चोळून मूल पाजावयास घेऊ नये. बंद खोलीतील शेगडी व धुरी आता सोडून द्यावी, कारण धुराने दोघांचाही खोकला वाढतो.

या सर्व ज्ञानाची कसोटी २०२० साली लागली. मार्च महिन्यात महाराष्ट्रातील पहिले कोरोनाचे रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले. तेव्हाही प्रथम भीतीने आई व मूल यांची ताटातूट करण्याकडे अनेक ठिकाणी कल झाला. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने हात धुऊन, तोंडाला पट्टी बांधून आईने पाजणे चालूच ठेवावे, असा निर्वाळा दिला. ज्या नियमाने त्या महारोगात निभावले, तो साध्या पडशाला नक्कीच पुरेसा आहे.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्या घरातील लेकुरवाळीला पडसे झाले तर तिचे पाजणे थांबवू नका. तिची कामे थांबवा. साबणाने हात धुवावयास सांगा आणि शिंकताना तोंडावर पदर घेण्याची आठवण द्या. ती फारच थकली असेल तर दूध पिळून, उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने दुसऱ्या कोणी पाजावे. औषध घ्यावयाचे झाल्यास ‘मी अंगावर पाजते’ हे वाक्य तिने डॉक्टरांना व दुकानदाराला आधी सांगावे. तिचा ताप तीन दिवसांत न उतरला किंवा दम लागला, अथवा मूल पिईनासे झाले, त्याचा श्वास जलद चालू लागला, ते फार सुस्त दिसले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. तीन महिन्यांच्या आतील मुलाला ताप आला, तर तासाचाही उशीर करू नये.

रडणारे मूल म्हणजे उपद्रव नव्हे. भूक लागली की रडणे हीच त्याच्या प्रकृतीची साक्ष होय. त्याला गप्प करणाऱ्या प्रत्येक बाटलीवर काय लिहिले आहे, ते आधी वाचून घ्यावे, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.