लॅपटॉपवरील ऑपरेटिंग सिस्टिमचे अद्ययावतीकरण : परतीच्या मार्गाचा इतिहास (१९९५ ते २०२५)

प्रस्तावना

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे हा विषय सामान्यतः तंत्रज्ञाच्या कक्षेतील मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे काही आहे, याची जाणीव क्वचितच आढळते. तथापि ज्या यंत्रात अध्यापकाची वीस-वीस वर्षांची टिपणे, प्रबंधाची प्रकरणे, प्रश्नपत्रिका आणि मूल्यमापनाच्या नोंदी साठविलेल्या असतात, त्या यंत्राची मूळ प्रणाली बदलणे हे एका अर्थाने दफ्तरखान्याचे स्थलांतरच होय. स्थलांतरात काय गहाळ झाले हे बहुधा कागद मागितला जातो त्या दिवशीच कळते.

प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीच्या सुमारे तीस वर्षांच्या इतिहासाचा या दृष्टीने आढावा घेतला आहे. या काळात ‘सुरक्षित अद्ययावतीकरण’ या शब्दप्रयोगाचा अर्थ स्थिर राहिलेला नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे. १९९५ मध्ये सुरक्षितता म्हणजे नवी प्रणाली न मानवल्यास जुन्या प्रणालीकडे परतण्याची सोय. २०१७ नंतर सुरक्षितता म्हणजे जुन्या प्रणालीवर न राहणे. पुढे जाण्याची सक्ती जसजशी वाढत गेली, तसतसा परतीचा मार्ग अरुंद होत गेला.

परतीची हमी आणि तिच्या अटी

विंडोज ९५ ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. डॉस आणि विंडोज ३.१ वापरणाऱ्यांना ती सीडीवर किंवा फ्लॉपींच्या संचावर मिळत असे. स्थापनेच्या वेळी जुन्या प्रणालीच्या फाइल्स जतन करावयाच्या काय, असा प्रश्न विचारला जाई. होकार दिल्यास त्या एका वेगळ्या फाइलमध्ये बांधून ठेवल्या जात आणि नवी प्रणाली काढून टाकून पूर्वस्थितीला येता येत असे. या सोयीला दिवसांची मर्यादा नव्हती. १९९८ च्या विंडोज ९८ मध्येही ती कायम राहिली.

मात्र या हमीला एक अट होती, आणि ती अनेकांच्या लक्षात येत नसे. डिस्कवरील जागेचा अधिक काटकसरीने वापर करणाऱ्या फॅट-३२ या फाइल पद्धतीत डिस्कचे रूपांतर केले की विंडोज ९८ वरून मागे फिरणे अशक्य होई. २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीच्या बाबतीतही असेच घडले. विंडोज ९८ वरून एक्सपीवर आलेल्या वापरकर्त्यास परतता येत होते. पण डिस्क एनटीएफएस पद्धतीत बदलली की तो मार्ग बंद होई. विंडोज २००० वरून एक्सपीवर येणाऱ्यास तर परतीची सोय मुळातच नव्हती. म्हणजे प्रणाली बदलणे हा एक निर्णय होता आणि डिस्कची रचना बदलणे हा दुसरा. धोका दुसऱ्यात अधिक होता. स्थापनेच्या ओघात विचारलेल्या अनेक प्रश्नांपैकी एक म्हणून तो समोर येत असल्याने त्याचे वजन मात्र कळत नसे.

लॅपटॉपची वेगळी स्थिती

टेबलावरील संगणक हा सुट्या भागांचा जुळविलेला संच असतो. एखादा भाग नव्या प्रणालीशी जुळला नाही तर तो बदलता येतो. लॅपटॉपमध्ये पडदा, ध्वनी, टचपॅड, बिनतारी जोडणी आणि वीज व्यवस्थापन हे सारे निर्मात्याने एकत्र बसविलेले असते. त्या प्रत्येकाला प्रणालीशी जोडणारे ड्रायव्हर हे छोटे प्रोग्रॅम निर्मात्यानेच पुरवावे लागतात. त्याने जुन्या नमुन्यासाठी नवे ड्रायव्हर तयार केले नाहीत, तर यंत्र सुस्थितीत असूनही नव्या प्रणालीखाली अपंग ठरते.

३० जानेवारी २००७ रोजी सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाने या गोष्टीचा प्रत्यय दिला. तिची ड्रायव्हरची रचना नवी होती आणि जुने ड्रायव्हर अनेक ठिकाणी निरुपयोगी ठरले. याच व्हिस्टाने एक चांगली प्रथाही घालून दिली : स्थापना अर्धवट फसल्यास यंत्र आपोआप जुन्या प्रणालीकडे परत जाई. परंतु स्थापना यशस्वी झाली आणि मग प्रणाली पसंत पडली नाही, तर परतण्यासाठी सरळ सोय नव्हती. अपयशापासून संरक्षण वाढले. यशस्वी पण नकोशा बदलापासून संरक्षण उरले नाही.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ आली तेव्हा एक्सपीवरून थेट तिच्यावर जाण्याची सोयच ठेवलेली नव्हती. व्हिस्टा टाळून एक्सपीवरच थांबलेल्या असंख्य वापरकर्त्यांना सर्व प्रोग्रॅम नव्याने बसवावे लागणार होते. फाइल्स दुसरीकडे हलवून परत आणता येत. प्रोग्रॅम, फाँट आणि त्यांच्या जुळण्या मात्र नव्याने उभाराव्या लागत. मराठी मजकुराचा प्रश्न नेमका येथे उद्भवला.

मराठी मजकूर : फाइल शाबूत, वाचन अशक्य

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील बहुतेक मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये होत असे. या फाँटमध्ये देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतस्थानांवर बसविलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची ती एक निरर्थक रांग होती, आणि विशिष्ट फाँट हजर असेल तरच ती देवनागरी दिसे. प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असल्याने एका फाँटमधील मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये वाचता येत नसे.

या अडचणीवरील उपाय ऑपरेटिंग सिस्टिममधूनच आला. १७ फेब्रुवारी २००० रोजी प्रकाशित झालेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोड पद्धतीच्या देवनागरीचा आधार, मंगल हा फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध झाला. एक्सपीमध्येही हा आधार होता, पण तो बहुधा कंट्रोल पॅनेलमधून मुद्दाम चालू करावा लागे आणि त्यासाठी प्रणालीची मूळ सीडी लागे. व्हिस्टापासून तो आपोआप मिळू लागला. मराठीच्या दृष्टीने नव्या प्रणालीकडे जाणे हे या अर्थाने निखळ हिताचे होते.

तरीही त्याच बदलाने जुना मजकूर अडचणीत आणला. नव्या स्थापनेनंतर जुना फाँट यंत्रात नसे. फाइल उघडे, पण पानभर रोमन चिन्हे दिसत. फाँटची फाइल जपून ठेवलेली असेल तर ती पुन्हा बसवून वाचन शक्य होई. लेखन मात्र कळफलकाच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असे आणि जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच याची खात्री नव्हती. ६४ बिटांच्या विंडोजवर तर १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम मुळीच चालत नाहीत. त्या प्रणालीला स्वाक्षरित ड्रायव्हर लागत असल्याने हार्डवेअर लॉकवर चालणारी जुनी सॉफ्टवेअरही अडली. फाइल्सची प्रत घेतली म्हणजे मजकूर सुरक्षित झाला, हा समज येथे अपुरा ठरतो. मजकूर वाचणारे साधनही त्या प्रतीबरोबर जतन व्हावे लागते. अथवा जुने यंत्र चालू असतानाच मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घ्यावा लागतो. अशा रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडण्याचा संभव असल्याने तपासणीशिवाय मूळ फाइल नष्ट करणे अनुचित होय.

न बदलण्याची किंमत

अशा अनुभवांमुळे चालते यंत्र हलवू नये, ही वृत्ती बळावली आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीला सुरक्षा दुरुस्त्या पुरविणे थांबले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांवरील फाइल्स कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीचा त्याने लाभ घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच त्या वेळी पाठिंबा असलेल्या प्रणालींसाठी दिली होती. एक्सपीसाठी ती हल्ल्यानंतर अपवाद म्हणून जाहीरपणे देण्यात आली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत या हल्ल्यामुळे रुग्णांच्या ६,९१२ भेटी रद्द झाल्याचे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदविले, आणि प्रत्यक्ष संख्या १९,००० हून अधिक असावी असा अंदाज व्यक्त केला.

या घटनेचे खापर बहुधा एक्सपीवर फोडले जाते. वास्तविक बाधित यंत्रांत विंडोज ७ चा वाटा फार मोठा होता आणि ती प्रणाली त्या वेळी पाठिंब्याखाली होती. दुरुस्ती उपलब्ध होती, ती बसविलेली नव्हती. जुनी प्रणाली आणि दुर्लक्षित प्रणाली यांत भेद करणे इतिहासदृष्ट्या आवश्यक आहे.

तीस दिवस, मग दहा दिवस

विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली आणि विंडोज ७ व ८.१ च्या वापरकर्त्यांना एक वर्षपर्यंत विनामूल्य देण्यात आली. हे निमंत्रण पुढे आग्रहाचे झाले. २०१६ मध्ये सूचनेची चौकट कोपऱ्यातील फुलीने बंद केली तरी ठरलेल्या वेळेचे अद्ययावतीकरण रद्द होत नसे. जगभर फुली म्हणजे नकार असे शिकलेल्या वापरकर्त्यांना हा विश्वासघात वाटला, यात नवल नाही. कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिक महिलेने अनाहूत अद्ययावतीकरणामुळे संगणक निकामी झाल्याचा दावा केला. तिला न्यायालयाने १०,००० डॉलर देवविले आणि कंपनीने अपील सोडून दिले.

विंडोज १० मध्ये परतीची सोय पुन्हा आली, पण मुदतीसह. आरंभी ही मुदत ३० दिवस होती. ऑगस्ट २०१६ च्या आवृत्तीपासून ती १० दिवस झाली. त्यानंतर जुन्या प्रणालीचा साठा डिस्कवरून आपोआप काढला जातो. ज्या अध्यापकाचा लॅपटॉप उन्हाळी सुट्टीत अद्ययावत झाला, त्याला परीक्षा विभागाचे एखादे सॉफ्टवेअर चालत नाही हे जूनमध्ये कळते. तोवर मुदत उलटून गेलेली असते.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसृत झालेली विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. ज्यांनी आपला ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळविला होता, त्यांच्या मूळ ठिकाणी उरलेल्या फाइल्स रिकाम्या फोल्डरची साफसफाई करण्याच्या नादात पुसल्या गेल्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारींचे प्रमाण एक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतके होते. ती आवृत्ती दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबरला पुन्हा आली. प्रमाण अल्प हे खरे. परंतु परतीच्या सोयीने जुनी प्रणाली मिळते, पुसलेली फाइल मिळत नाही. ती केवळ यंत्राबाहेर ठेवलेल्या प्रतीतूनच मिळते.

विंडोज ११ आणि यंत्राची पात्रता

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने प्रश्नाचे स्वरूप पुन्हा बदलले. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर या अटींमुळे अनेक सुस्थितीतील लॅपटॉप अपात्र ठरले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या घेण्याची मुभा ठेवण्यात आली. अपात्र यंत्रावर अटी चुकवून विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. पण अशा यंत्रांना पुढील दुरुस्त्या मिळण्याची हमी कंपनी देत नाही. सुरक्षिततेसाठी केलेला बदल त्यामुळे पुन्हा असुरक्षिततेकडेच नेऊ शकतो.

नव्या प्रणालीने एक नवी जोखीमही आणली आहे. डिस्क कूटबद्ध असलेल्या लॅपटॉपवर बायॉस किंवा टीपीएमच्या जुळणीत बदल झाल्यास यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते. किल्ली हाती नसेल तर फाइल्स डिस्कवर असूनही मालकालाच उघडत नाहीत. फॅट-३२ च्या काळी जसा डिस्कच्या रचनेचा निर्णय परतीचा मार्ग बंद करीत असे, तसेच येथे घडते. म्हणून पात्रतेची तपासणी, लॅपटॉप निर्मात्याकडील ड्रायव्हरची चौकशी, जुन्या फाँटसह सर्व फाइल्सची बाह्य डिस्कवर प्रत, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे आणि किल्ली कागदावर उतरवून घेणे, इतके झाल्यानंतरच चार्जर जोडून स्थापनेस आरंभ करणे इष्ट. त्यानंतरच्या दहा दिवसांत महाविद्यालयीन कामाचा प्रत्येक प्रोग्रॅम, प्रिंटर आणि किमान एक जुनी मराठी फाइल उघडून पाहावी. अकराव्या दिवशी ती तपासणी केवळ नोंदीपुरती उरते.