जुन्या फटफटीचा मूळ रंग

राजगिरा म्हटला की महाराष्ट्रीय माणसाला उपवासाचा लाडू आठवतो. पण शेतात उभा असलेला राजगिऱ्याचा तुरा ज्याने पाहिला असेल, त्याला त्या तुऱ्याचा जांभळट झाक असलेला गडद तांबडा रंगही सहसा विसरता येत नाही. या वनस्पतीच्या कुळाला इंग्रजीत अमरंथ असे नाव आहे. शब्द मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ ‘न कोमेजणारा’. १९३७ साली इंग्लंडातील कोव्हेंट्री शहरी ट्रायम्फ कारखान्याने स्पीड ट्विन ही नवी मोटारसायकल जाहीर केली, तेव्हा तिच्या रंगाला हेच नाव दिले: अमरंथ रेड. नाव न कोमेजणाऱ्याचे. पण रंगाला ऊन, पाऊस, तेल आणि माणसाची हौस यांतून सुटका नव्हती. त्यामुळे अशी एखादी जुनी गाडी आज हाती आली, तर तिचा मूळ रंग कोणता होता हे ठरवणे म्हणजे इतिहाससंशोधनाचाच एक छोटासा प्रयोग होऊन बसतो.

त्या काळापर्यंत फटफटी म्हणजे बहुतांशी काळी, असाच शिरस्ता होता. त्याला कारणही तसेच होते. काळे एनॅमल स्वस्त आणि चिवट असे. सांगाड्याचे भाग त्यात बुडवून काढायचे आणि भट्टीत भाजायचे. रंग लोखंडाला घट्ट धरून बसे, शिवाय तेलाचे डागही त्यावर उठून दिसत नसत. १९३६ मध्ये जॅक सँगस्टर यांनी ट्रायम्फचा मोटारसायकलींचा धंदा विकत घेतला आणि एडवर्ड टर्नर या कल्पक अभियंत्याच्या हाती त्याची सूत्रे दिली. टर्नर जसा यंत्राचा जाणकार, तसाच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचाही जाणकार. ४९८ घनसेंटिमीटरच्या, शेजारी शेजारी दोन सिलिंडर असलेल्या आपल्या नव्या गाडीला त्याने नखशिखांत तांबडे केले. सांगाडा तांबडा, पुढचा चिमटा तांबडा, मडगार्ड तांबडे. पेट्रोलची टाकी क्रोमची, पण तिच्यावर तांबडे पट्टे आणि सोनेरी रेघा. या गाडीची नवलाई तिच्या एंजिनाइतकीच तिच्या रंगातही होती, असे म्हणणे वावगे ठरू नये.

पुढे महायुद्ध आले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कोव्हेंट्रीवर झालेल्या बाँबवर्षावात ट्रायम्फचा कारखाना बेचिराख झाला. १९४२ मध्ये मेरिडेन येथे नवा उभा राहिला. युद्धाने रंगांवरही आपला हुकूम चालवला. लष्करासाठी घडलेल्या गाड्यांना खाकी वा हिरवट रंगाचा गणवेश मिळाला. युद्ध संपल्यावर त्या गाड्या नागरिकांना विकल्या गेल्या आणि नव्या मालकांनी त्यांवर काळ्या रंगाचा हात फिरवला. अशा गाड्या हिंदुस्थानातही रस्त्यावर आल्या. नागरी गाड्यांची कथा याहून फारशी निराळी नाही. धनी बदलला की रंग बदलला, आणि वीस-तीस वर्षांत एका टाकीवर चार-पाच पुटे सहज चढली.

मग मूळ रंगाचा शोध कोठे घ्यावा? पहिले बोट जाते ते जुन्या छायाचित्रांकडे. पण हा साक्षीदार भरवशाचा नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबडी गाडी काळी उमटे आणि निळी गाडी फिकट. रंगीत जाहिरातीत दिसतो तो चित्रकाराचा आणि छापखान्याच्या शाईचा रंग, कारखान्यातला नव्हे. पुढील काळातील गाड्या पाहून मागचा रंग ठरवणेही धोक्याचे. १९५२ च्या सुमारास, कोरियन युद्धाच्या काळात, निकेलची टंचाई झाली आणि ब्रिटिश कारखान्यांना क्रोमचा मुलामा आवरता घ्यावा लागला. ज्या टाक्या एरवी क्रोमने लखलखत, त्या काही काळ नुसत्या रंगवून विकल्या गेल्या. हे ठाऊक नसलेला मालक अशा टाकीवर आज हौसेने क्रोम चढवतो, आणि गाडीला तिच्या जन्मीही नसलेला दागिना घालतो.

काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी ही गत आहे. कारण खरा पुरावा गाडीच्या अंगावरच असतो. जेथे ऊन पोचले नाही आणि रंगाऱ्याचा हातही पोचला नाही, तेथे तो दडलेला सापडतो: टाकीच्या पोटाशी, गुडघ्याच्या रबरी पट्टीमागे, बैठकीखाली, हत्यारांच्या पेटीत, एखाद्या पट्ट्याखाली वा बोल्टाच्या चकतीखाली. उघड्या जागी बारीक काचकागद पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल फिरवला, की एकेक पूट खालून डोकावू लागते. झाडाच्या खोडातील वलयांसारखी रंगांची वलये दिसतात. सर्वांत बाहेर अखेरचा मालक, मध्ये त्याचे पूर्वज, आणि अगदी आत, अस्तराच्या लगत, कारखाना.

पूट दिसले म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. सेल्युलोज रंगावर थिनरचा बोळा फिरवला तर तो विरघळतो. भट्टीत भाजलेले एनॅमल सहसा दाद देत नाही. एवढ्या एका कसोटीने दुरुस्तीच्या दुकानातला रंग पुष्कळदा ओळखू येतो. तेलाचे रोगण वयाबरोबर पिवळे पडते. त्याच्याखालचा निळा हिरवट आणि पांढरा मलईसारखा भासतो. तांबड्या रंगांतील काही द्रव्ये उन्हाने विटतात. दिव्याखाली जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे निघतात. म्हणून संग्रहालयांतील तज्ज्ञ रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा कपचा घेऊन राळेत बसवतात, घासून त्याचा छेद गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात.

महाराष्ट्रात एखाद्या ग्रामदेवतेवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराची पुटे चढतात, आणि एखाद्या दिवशी ते कवच गळून पडले की आतली कोरीव मूर्ती लोक प्रथमच पाहतात. जुन्या गाडीची कथाही काहीशी अशीच आहे. फरक इतकाच, की येथे कवच आपोआप गळत नाही, माणसाने ते काढावे लागते. आणि घाई येथेच घात करते. गाडी नवी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा मारा केला, की तासाभरात लोखंड उघडे पडते. पण त्याबरोबर सारी पुटे, सारे मालक आणि कारखान्यातला तो पहिला हात, सर्वच धुळीला मिळतात. गाडीला पुढे कितीही वेळा रंगवता येईल; कारखान्याने मात्र तिला एकदाच रंगवलेले असते. म्हणून जाणता मालक सारी गाडी रंगवायला काढली तरी टाकीच्या पोटाशी तळहाताएवढी जागा न घासता तशीच राखून ठेवतो. राजगिऱ्याच्या तुऱ्याचा तो तांबडा रंग तेवढ्या जागेत जिवंत राहतो, आणि पुढे कोणी शंका काढली तर साक्ष द्यायला तो तेथे हजर असतो.