अंतस्थ आणि दरबारखर्च

राज्यकारभाराचा इतिहास लढायांच्या वर्णनांत जितका सापडतो, त्याहून अधिक तो हिशेबाच्या वह्यांत सापडतो, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. कोणत्या कामास किती पैसा लागला, हे वही सांगतेच. पण तो कोणत्या सदराखाली लिहिला, यावरून त्या काळच्या नीतीची परीक्षा होते. नाशिक शहरात द्वारका म्हणून जो चौक प्रसिद्ध आहे, तेथे मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. तेथील दुकानदार किंवा घरमालक आपली पट्टी भरतो, तेव्हा रस्ता, पाणी, दिवा आणि झाडलोट यांचीच त्यास अपेक्षा असते. त्याच पैशातून अधिकाऱ्यांची वाहने, दालनांची सजावट आणि अभ्यासदौरे होतात, असे कोणत्याही नगरसंस्थेविषयी कानी आले, की करदाता संतापतो. हा संताप स्वाभाविक आहे. परंतु त्यास इतिहासाची जोड नसली तर तो चार दिवसांत विरून जातो. म्हणून नोकरांच्या सवलती सरकारी वहीत कशा शिरतात आणि तेथे कशा मुरतात, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

शिवछत्रपतींनी चाकरीचा मोबदला शक्यतो रोख द्यावा, मुलूख तोडून देऊ नये, असे धोरण ठेविले होते. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयाचे विवेचन करताना या धोरणास मोठे महत्त्व दिले आहे. हे रानडे आमच्या नाशिक जिल्ह्यातील निफाडचेच. पुढे पेशवाईत सरदार व दरकदार यांच्या तैनातीस निरनिराळ्या नेमणुका जोडल्या गेल्या. कोणास पालखी, कोणास अबदागीर, कोणास दिवटीचा खर्च. यांपैकी पुष्कळ गोष्टी मुळात कामाच्याच होत्या. रात्रीबेरात्री हिंडणाऱ्या कामगारास दिवटी हवी, आणि लांबच्या मजलीस पालखीही हवी. पण काम संपले तरी पालखी राहिली. आणि पालखीचा मान ज्यास मिळाला, त्याच्या शेजाऱ्यासही तो हवासा वाटू लागला. सोय ही अशा रीतीने प्रतिष्ठा होते, आणि प्रतिष्ठा एकदा झाली की तिला हात लावण्याचे धैर्य कोणासही होत नाही.

याहून बोधप्रद हकीकत 'अंतस्थ' या शब्दाची आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि नाशिकचा प्रांतही इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या सदराची कुळकथा दिली आहे. मामलतदार हा हुजुरातील मंत्र्यांस व हिशेब तपासणारांस गुप्तपणे काही रक्कम देई, ती अंतस्थ. हळूहळू ही लाच इतकी रूढ झाली की ती ठरीव हक्क बनली, 'दरबारखर्च' या नावाने उजळ माथ्याने वहीत आली, आणि इतर खर्चाप्रमाणे तिचीही तपासणी होऊ लागली. पण मूळ गरज कोठे संपली होती? तपासणारांस खूष करावयाचे राहिलेच होते. म्हणून जुन्या अंतस्थावर नवे अंतस्थ चढले, आणि त्यासाठी वसुली पुन्हा वाढली. असल्या नाजूक व्यवहारात फार खोल शिरण्याची इच्छा तपासणारांसही नसे. त्यामुळे मामलतदार वरच्यांस जेवढे देई, त्याहून पुष्कळ अधिक स्वतःसाठी वसूल करी. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत तर मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, आणि या सर्वांचा भार अखेरीस रयतेच्या पट्टीवर पडला.

या हकीकतीचे मर्म आमच्या मते असे आहे. चोरून खाल्लेल्या पैशाची लोकांस चीड येते. तो कधीतरी पकडलाही जातो. परंतु ज्या खर्चास वहीत सदर मिळाले, मंजुरीचा शेरा मिळाला आणि तपासणीची मोहर मिळाली, तो पकडावयाचा कोणी? चुकीची बेरीज हिशेबनीस दाखवून देईल. पण बरोबर बेरजेतील अयोग्य खर्च दाखवून देण्यास पैसा भरणाराच लागतो.

इंग्रजी अमलात ठरीव पगार व लेखी हिशेब आले, तरी हा प्रश्न सुटला नाही. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ पासून शहराच्या स्वच्छतेसाठी मोठी कामे केली, हे नाकबूल करता येणार नाही. पण खर्चाचा हात इतका सैल की थोड्याच वर्षांत म्युनिसिपालिटीच्या तिजोरीची ओढाताण झाली, आणि १८७१ साली करदात्यांनी मोठी चळवळ उभारली. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे पुढारी तीत होते. तरुण फिरोजशहा मेहता यांनी क्रॉफर्ड यांची बाजू घेतली. परंतु करदात्यांनी निवडलेले सभासद असल्यावाचून हा रोग बरा होणार नाही, असेही त्यांनी प्रतिपादिले. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन झाले व त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. म्हणजे मुंबईकरांस मताचा हक्क मिळाला, तो पुष्कळ अंशी उधळपट्टीवरील रागातून मिळाला.

पुणे म्युनिसिपालिटीत सरकारनियुक्त सभासद असलेल्या जोतीराव फुले यांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे म्हणून त्यांनी एकट्यांनी विरुद्ध मत दिले. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण त्या ठरावाच्या बाजूने हात वर करणारांची नावे आज कोणास आठवतात?

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. काटकसरीच्या नावाखाली गरीब नोकराचे वेतनही उधळपट्टीत मोडण्याचा मोह होतो. लंडनच्या पॉप्लर भागातील नगरसभेने आपल्या कामगारांस, स्त्री-पुरुषांस सारखेच, आठवड्यास किमान चार पौंड वेतन दिले; तेव्हा करदात्यांचा पैसा विश्वस्ताच्या वृत्तीने खर्चावा, या तत्त्वावर १९२५ साली उमरावांच्या सभेने ते बेकायदा ठरविले. तत्त्व निर्दोष आहे, पण ते प्रथम पडले झाडूवाल्याच्या भाकरीवर! आमच्याकडेही आस्थापनाखर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांत राहावा, ही राज्यशासनाची मर्यादा नाशिकच्या नोकरभरतीच्या आड येत राहिली. मर्यादा हवी, यात संशय नाही. पण एकूण आकड्यावर घातलेली मर्यादा पालखी आणि झाडू यांत भेद करीत नाही. तो भेद सदर वाचणारासच करावा लागतो. ही सवलत कामासाठी आहे की मानासाठी, हाच तो भेद.

आणि सदर वाचणारा मनुष्य दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे, ही आमची खरी चिंता आहे. नाशकास नगरपालिका मिळाली १८६४ साली, व महानगरपालिका झाली १९८२ साली. त्या काळात शहरात येणाऱ्या मालावर जकात द्यावी लागे, आणि नाक्यावर खिशातून पैसा जाताना तो व्यापाऱ्यास टोचे. २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला व नगरसंस्थांस राज्याकडून भरपाई मिळू लागली. व्यापाराची सोय झाली, हे खरे. पण टोचणीबरोबर जागही गेली. जो पैसा आपल्या हातून गेला असे वाटत नाही, त्याचा हिशेब कोण मागतो? त्यातच मार्च २०२२ मध्ये निवडलेल्या सभासदांची मुदत संपली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक सज्जन असो वा नसो, प्रश्न विचारणाराची खुर्ची तेवढा काळ रिकामी होती, ही गोष्ट पेशवाईचा इतिहास वाचलेल्यास लहान वाटणार नाही.

१८७१ च्या करदात्यांजवळ नव्हते असे एक साधन आपल्याजवळ आहे. २००५ च्या माहिती अधिकाराने कोणत्याही नागरिकास वही उघडून पाहण्याचा हक्क दिला आहे. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक दर वर्षी तयार होते. ते रुक्ष असते, आणि त्याच्या रुक्षतेतच अंतस्थाची सोय असते. द्वारकेच्या आसपास राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी वर्षातून दोन संध्याकाळी त्यास द्याव्या, आणि जे सदर कळणार नाही त्याविषयी एक अर्ज करावा. दरबारखर्च ज्या दिवशी प्रथम वहीत लिहिला गेला, त्या दिवशी हे काय आहे म्हणून रयतेतील कोणास विचारता आले नाही. आपणांस विचारता येते.