सोंगांचे मानकरी आणि पुण्याचे संग्रहालय

महाराष्ट्र राज्य झाले आणि दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. जमातींचा अभ्यास, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, योजनांचे मूल्यमापन ही तिची कामे. जोडीला संग्रहालय उभे राहिले. डॉ. गोविंद गारे यांच्यासारखा आदिवासी समाजातूनच आलेला अभ्यासक संस्थेच्या संचालकपदी बसला, ही या वाटचालीतली मोठी गोष्ट.

या संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे आहेत. जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात, बोहाडा या जगदंबेच्या उत्सवात, रात्ररात्र सोंगे नाचतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, गडद रंगांचे मुखवटे चढवून गणपती, सरस्वती, राक्षस मशालीच्या उजेडात, संबळाच्या तालावर येतात. शेवटी देवी महिषासुराला मारते. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे, हा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो.

पॅसिफिक बेटांवर मुखवट्यांची रीत निराळी. न्यू आयर्लंडमध्ये मृतांच्या स्मरणविधीसाठी कोरलेल्या मलांगन शिल्पांचे आणि मुखवट्यांचे काम विधीबरोबर संपते; पुष्कळदा ते कुजू दिले जातात. विधीनंतर टाकून द्यायचे मुखवटे युरोपच्या संग्रहालयांनी गोळा केले. बोहाड्याचा मुखवटा मात्र पुढच्या वर्षी पुन्हा नाचायचा असतो. म्हणून तो काचेआड ठेवताना गाव, घराणे, मान आणि ताल यांचीही नोंद त्याच्याजवळ हवी. त्याशिवाय तो फक्त रंगवलेला लगदा उरतो.

बुलढाणा जिल्ह्यालाही अशा नोंदींची निकड आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, कोरकू, भिल्ल, निहाल राहतात. निहालांच्या निहाली भाषेचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी ठामपणे जुळलेले नाही, आणि बोलणारे आता थोडेच उरले आहेत. या जमातींचे सण, वाद्ये, गाणी पुण्याला नेऊन मांडण्याआधी त्यांच्याच पाड्यांवर, त्यांच्याच पोरांच्या हातून नोंदली जावीत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हे काम अंगावर घ्यावे आणि पुण्याच्या संस्थेने त्यांना शिकवावे. प्रशिक्षण हा शब्द तिच्या नावातच आहे. तो आता आदिवासी तरुणांसाठी वापरला गेला पाहिजे.