ताटाचा इतिहास

शिक्षणाचा इतिहास लिहिणारे शाळा मोजतात, डिग्र्या मोजतात. ताटं कुणी मोजत नाही. कारण त्यांच्या घरी ताट वाढलेलंच होतं.

डहाणू-तलासरीकडे बघा. इथला वारली आपल्याच रानात जमीनदार-सावकाराची वेठ करत होता. लग्नापुरतं कर्ज काढलं की नवराबायको दोघंही राबायची. त्याला नावच होतं, लग्नगडी. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेची परिषद भरली. हजारो वारली आले आणि वेठ करायची नाही असं ठरवून घरी गेले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण मेले. पण वेठ मोडली.

त्याच 1945 च्या जुलैत बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. बाबासाहेबांनी तसं केलं नव्हतं. 1928 मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी दोघांच्याही स्थितीवर एकच कमिटी नेमली. स्टार्ट कमिटी. बाबासाहेब तिचे सभासद. 1930 च्या तिच्या अहवालात वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या यांवर भर आहे.

हे शहाणपण अनुभवाचं. 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर. त्यातूनच पोट, त्यातूनच पुस्तकं, त्यातूनच घरी पाठवायचं. म्हणून 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं. कॉलेज त्यानंतर एकवीस वर्षांनी आलं. आधी छप्पर आणि भाकर, हा क्रम नीट ध्यानात घ्या.

सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती अनुसूचित जातींना 1944-45 पासून मिळू लागली, जमातींना 1948-49 पासून. तलासरीत परुळेकरांच्या आदिवासी प्रगती मंडळाने पोरांच्या राहण्या-शिकण्याचं काम उचललं. आज तिथं गोदावरी परुळेकरांच्या नावाचं कॉलेज उभं आहे. ज्यांचे आजे लग्नगडी, त्यांची नातवंडं तिथं बीए, बीकॉम करतात.

मग लढाई संपली का? 2016-17 मध्ये वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी सरकारने रोख रक्कम ठरवली. आदिवासींना ‘स्वयम्’, आपल्याला ‘स्वाधार’. नावं दोन, आकडे सारखेच. महापालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43 हजार. त्यात जेवणाचे 25 हजार. बारा महिन्यांवर पसरा, दिवसाला 68 रुपये. दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता, सगळं त्यात.

2018 मध्ये शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांच्या खानावळी बंद करून पैसे खात्यावर टाकायचं ठरलं. जुलैत पोरं-पोरी पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्यांचं म्हणणं साधं होतं. पैसे उशिरा आले तर त्या दिवशी खायचं काय? पोलिसांनी त्यांना वाटेतच अडवलं. त्या मोर्च्यात आपण किती होतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

राखीव जागा म्हणजे दाराची किल्ली. आत गेलेला पोरगा उपाशी राहिला तर तो दुसऱ्या वर्षी वीटभट्टीवर दिसतो. फी भरली नाही म्हणून नव्हे, जेवला नाही म्हणून. आणि कागदावर लिहितात, ‘अभ्यासात रस नाही’.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, एक वही करा. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या पोराचं लिहा: अर्ज कधी केला, पैसे कधी आले, मधले दिवस कशावर काढले. जात-जमात न बघता लिहा. पुढच्या मोर्च्यात ती वही हातात असू द्या.